पूलवाल्याची माय

माझी माय एका सुपरहिरोची चाहती आहे, असं मी शाळेत बोलता बोलता सांगितलं की सोबतच्या शिक्षिका हसतात. त्यांना वाटतं, मी माझंच वेड तिच्या नावावर खपवून राहिले आहे. वेड मलाही आहेच. पण ते तिच्याकडून आलं.

मी तिसरीत असताना आम्ही आदिलाबादला राहायचो. वडील त्याआधीच गेले होते. माय जिनिंगमध्ये कापूस निवडायला जायची. एक दिवस बाजार बंद होता, जिनिंगमध्येही काम नव्हतं, आणि घराबाहेर पडलोच आहोत तर पोरांना जरा फिरवावं म्हणून ती मला आणि दादाला घेऊन हिंडत होती. एका टॉकीजच्या भिंतीवर मोठं पोस्टर होतं. नदीत कमरेएवढ्या पाण्यात एक माणूस उभा, आणि त्याच्या खांद्यावर अख्खा पूल. माय थांबली. जिनिंगच्या आधी तिनं दोन उन्हाळे एका नाल्यावरच्या पुलाच्या कामावर गिट्टीची घमेली वाहिली होती.

"हा पूल बांधणाऱ्यांचा पिक्चर दिसते," ती म्हणाली. "चाला, पाहू."

पिक्चर इंग्रजी होता, तेलगूत बोलणं भरलेला. आम्हा तिघांनाही तेलगू कळायचं. आम्हाला शाळेमुळे, तिला बाजारामुळे आणि कामावरच्या सोबतीणींमुळे. त्या हिरोचं खरं नाव पोस्टरवर लिहिलेलं होतं, पण आमच्या घरात पहिल्या दिवसापासून त्याचं नाव पूलवाला. तो उडत नव्हता. डोळ्यांतून आग काढत नव्हता. ज्या वस्तूला तो हात लावील तिचा भार त्याला पेलता यायचा, एवढंच. आणि तो भार त्याच्यासाठी कमी होत नसे. ट्रक धरला तर ट्रकाएवढं ओझं त्याच्या अंगावर येई, गुडघे थरथरत, नाकातून रक्त येई, तरी तो धरून ठेवी. मायला ते लगेच पटलं. डोक्यावर ओझं घेतलेल्या माणसाचे पाय कसे होतात ते तिला ठाऊक होतं.

पण त्या पिक्चरमध्ये सुरुवातीलाच एक वाईट गोष्ट होती. पूलवाला तेव्हा साधा पोरगा असतो. त्याला आपली ताकद नुकतीच कळलेली असते. नदीला पूर येतो, पूल तुटायला लागतो. एका टोकाला शाळेच्या पोरांची बस अडकलेली, दुसऱ्या टोकाला त्याची आई, हातात त्याचा जेवणाचा डबा. तो एकच टोक धरू शकतो. आई हात हलवून सांगते, बस धर. तो बस धरतो. आई पाण्यात जाते, आणि तिथून पुढं तो पूलवाला होतो.

टॉकीजमध्ये दादा आणि मी मोठ्यानं रडलो. माय रडली नाही. बाहेर आल्यावर ती रागात होती.

"यायले काई कराचं असलं का पयले माय मारतात," ती म्हणाली. "काऊन? जित्या मायसाठी पोट्ट्याले काई करता येत नाई?"

तरीही ती तो पिक्चर आम्हाला घेऊन पुन्हा पाहायला गेली. त्यापुढचे दोन भागही आम्ही तिघांनी मिळूनच पाहिले. पूल पडायचा प्रसंग आला की माय पदर डोळ्यांवर घ्यायची आणि विचारायची, "झालं का?" दुसऱ्या आणि तिसऱ्या भागातही तो प्रसंग आठवण म्हणून पुन्हा पुन्हा यायचाच. दादा म्हणायचा, "झालं व माय, काढ पदर." कधी कधी तो मुद्दाम लवकर सांगायचा, आणि पाठीत धपाटा खायचा.

चौथा भाग आला तेव्हा मी शिक्षिकेच्या प्रशिक्षणाला होते. त्या भागात पूलवाला उडाला. आमच्यासाठी ते सगळं तिथंच संपलं. ज्या माणसाला प्रत्येक दगडाचं वजन लागतं तो उडतो कसा, हे त्या पिक्चर काढणाऱ्यांनी कुणाला विचारलंच नव्हतं. दादानं मला फोन करून शिव्या दिल्या, जणू मीच तो काढला होता. पिक्चर पडला आणि पुढचे भाग बंद झाले. त्यानंतर कितीतरी वर्षं पूलवाल्याचं नाव आमच्या घरात फक्त जुन्या गोष्टी निघाल्या की निघायचं.

दादा पुढं मंचेरियलला कोळशाच्या खाणीच्या ऑफिसात क्लार्क लागला. मला इचोड्याजवळच्या सरकारी शाळेत नोकरी मिळाली, आणि लग्न होऊन मी इचोड्यातच राहायला आले. माय कधी त्याच्याकडं, कधी माझ्याकडं, आणि मधून मधून आदिलाबादच्या आपल्या जुन्या घरी. तिथं तिची माणसं होती, बुद्धविहार होतं, भाजी विकणारी मैत्रीण होती. ती कुणाच्याही घरी जास्त दिवस टिकायची नाही.

गेल्या उन्हाळ्यात तिच्या छातीत दुखलं. ती माझ्याकडंच होती म्हणून बरं. आमच्या ह्यांनी गाडी बोलावली, आदिलाबादच्या दवाखान्यात नेलं, तिथून त्यांनी नागपूरला पाठवलं. नागपूरच्या डॉक्टरांनी तिच्या हृदयाच्या नळीत स्टेंट बसवला. तिला समजावं म्हणून ते म्हणाले, "आजी, आत एक बारीक स्प्रिंग टाकली आहे, आता रक्त नीट जाईल." सगळं नीट पार पडलं. आम्ही निघताना डॉक्टरांनी सांगितलं की काळजी करू नका, चाला, फिरा, तिखट-तेलकट जरा कमी करा, बाकी नेहमीसारखं जगा.

पण माय नेहमीसारखी राहिली नाही. तो शब्द तिच्या डोक्यात बसला. स्प्रिंग म्हणजे सुटणारी वस्तू, हे तिला घरातल्या पलंगापासून सायकलपर्यंत सगळ्यांवरून माहीत होतं. ती छातीवर हात ठेवून बसायला लागली. शिंक आली तर दाबायची. खाली वाकायची नाही.

"हे सुटन तं नाई व कुठं?" ती मला विचारायची.

"नाही सुटत, माय. डॉक्टरांनी सांगितलं ना."

"त्यायले काय होते सांगाले. त्यायच्या आंगात हाय का?"

फिरायला म्हणून ती उठायची, अंगणाच्या फाटकापर्यंत जायची आणि परत यायची. आदिलाबादच्या घरी जायचं नाव काढेना. भाजीवाल्या मैत्रिणीचा फोन आला तर मला सांगायची, झोपली आहे म्हणून सांग. आणि मी तिला धीर देत होते खरी, पण माझी गत तिच्याहून वेगळी नव्हती. ती आंघोळीला गेली की मी दाराशी घुटमळायचे. शाळेत मधल्या सुट्टीत फोन करायचे, आणि तिनं उचलायला जरा वेळ लावला तर लगेच ह्यांना फोन लावायचे. आम्ही दोघी एकमेकींना घाबरवत होतो आणि दोघींनाही ते कळत नव्हतं.

अशातच एक दिवस दादानं फोनवर व्हिडिओ पाठवला. पूलवाला परत येत होता. ट्रेलर होता तो. नवा नट, नवी माणसं, आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून.

मी तो एकटीनं पाहिला आणि मला राग आला. नवा नट बारीक होता, चेहऱ्यानं फारच गोड. आमचा पूलवाला रुंद होता, त्याच्या मानेवर वळ्या होत्या. हा तर कॉलेजातल्या पोरासारखा. चाहत्यांचं असंच असतं. आपण ज्याला लहानपणी पाहिलं तोच खरा, बाकी सगळे त्याचे कपडे घालून आलेले. मी दादाला लिहिलं, "हा काय उचलणार?" त्यानं उत्तर दिलं, "थांब, पाहू तं दे."

माय शेजारीच बसली होती. तिनं विचारलं, "काय पाहून राह्यली?"

मी दाखवलं. तिनं फोन हातात घेतला, लांब धरला, शेवटपर्यंत पाहिलं. मग म्हणाली, "हा पूलवाला नोहे."

"आता हाच पूलवाला. नवीन काढला. सगळं पहिल्यापासून दाखवणार."

"मंग तो पयला कुठं गेला?"

"तो नव्हताच, असं समजायचं."

"असं कसं समजाचं?" ती एकदम तापली. "म्या पाह्यलं न त्याले. कितीदा पाह्यलं."

दवाखान्यातून आल्यापासून ती इतक्या जोरात पहिल्यांदाच बोलली होती. छातीवरचा हातही बाजूला आला होता. तिच्या ते लक्षात आलं नाही, माझ्या आलं. ती ट्रेलर पुन्हा लावायला सांगत होती. त्यात शेवटी अगदी थोडा वेळ पुराचं पाणी दिसायचं आणि पुलाचा एक कठडा तुटायचा.

"पयल्यापासून म्हंजे," ती हळूच म्हणाली, "त्याच्या मायपासून?"

मी ट्रेलर बंद केला.

पिक्चर लागायच्या आठवड्यात मायनं स्वतःच विचारलं, "आपल्याइकडं कधी येते तो?" मला तिला न्यायचं होतं. तिला कशाचीतरी वाट पाहताना बघून मला किती बरं वाटत होतं ते सांगता येणार नाही. पण तो प्रसंग माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. जुन्या टॉकीजमध्ये पडदा लहान होता, आवाज फाटका होता, तरी ती पदरात तोंड लपवायची. आताच्या टॉकीजमध्ये तर आवाज छातीत घुमतो. आणि यावेळी ती नुकती मरणाच्या दारातून आलेली. तिच्यासमोर पुन्हा एकदा पडद्यावर आई बुडवायची?

मी नागपूरच्या डॉक्टरांना फोन केला आणि पिक्चरला नेऊ का म्हणून विचारलं. ते हसले. "जरूर न्या," म्हणाले, "मीसुद्धा जाणार आहे." त्यांना आई पाण्यात पडते हे सांगायची मला लाज वाटली.

मग मी दादाला गाठलं. मंचेरियलला पिक्चर शुक्रवारीच लागला होता आणि तो पहिला खेळ पाहून आला होता.

"मला फक्त एक सांग," मी म्हटलं. "माय मरते का?"

"कोणाची?"

"दादा, थट्टा नको करू. पूलवाल्याची."

चाहत्यांमध्ये एक नियम असतो, ज्यानं पाहिलं त्यानं न पाहिलेल्याला सांगायचं नाही. दादा तो नियम लग्नाच्या वचनासारखा पाळतो.

"घेऊन जाय तिले," तो म्हणाला.

"हो का नाही एवढंच सांग. तिच्या जीवाला काही झालं तर?"

"म्या म्हणलो न, घेऊन जाय." त्याचा आवाज बसलेला वाटत होता. रडून बसला होता की सर्दीनं, मला कळेना. दादाचा काही भरवसा नाही. मन मोकळं झालं म्हणजे माणूस बरा होतो, असंही त्याचं एक मत आहे. तिला रडवावं म्हणूनच तो सांगत असेल तर?

"तू सांगितलं नाहीस आणि काही झालं तर मी तुझ्याशी बोलणार नाही," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

रविवारी दुपारच्या खेळाला आम्ही दोघी निघालो. ह्यांना पंचायतीच्या कामाला जावं लागलं, म्हणून त्यांनी आम्हाला स्टँडवर सोडलं. इचोड्याचा स्टँड म्हणजे रस्ताच. हैद्राबाद-नागपूरचे ट्रक अंगावरून जातात. माय माझ्या दंडाला धरून उभी होती. बसमध्ये कंडक्टरनं बायकांना फुकट प्रवासासाठी देतात ते शून्य रुपयांचं तिकीट दिलं आणि मायनं ते नेहमीसारखं घडी करून बटव्यात ठेवलं. वाटेत कापूस फुटलेला होता. ती बाहेर पाहत होती आणि वावरांबद्दल काहीबाही सांगत होती. मी ऐकत नव्हते. माझ्या पर्समध्ये तिची जिभेखाली ठेवायची गोळी होती, आणि मी मधून मधून ती आहे ना ते चाचपत होते.

आदिलाबादला पिक्चर तेलगूतही होता आणि हिंदीतही. मी हिंदीची वेळ बघत होते, कारण त्या टॉकीजमध्ये जिना नव्हता. मायनं हट्ट धरला. "तो तेलगूत बोलते. हिंदीत बोलणारा कोनी दुसराच आसन." तेव्हा तेलगूच्याच टॉकीजला गेलो. बाल्कनीचा जिना तिनं एक पायरी, मग थांबणं, एक पायरी, मग थांबणं, असा चढला. तिकीट फाडणारा माणूस वर उभा राहून तेलगूत म्हणत होता, "मेल्लगा रंडी, अम्मा, मेल्लगा." सावकाश या, सावकाश. मागं लोक खोळंबले, पण कुणी काही बोललं नाही.

आम्ही कडेच्या खुर्च्या घेतल्या. उठून जायचं झालं तर सोपं. अंधार झाला आणि मी तिचं मनगट हातात धरलं.

सुरुवातीलाच पूलवाला बोलला आणि माय माझ्याकडं वळली. "आवाज बदलला," ती म्हणाली. मलाही ते खटकलं. जुना आवाज जाडा होता, जिनिंगमधल्या मुकादमासारखा. हा पोरगा हळू बोलत होता. पण थोड्याच वेळात त्यानं पहिल्यांदा भार पेलला. गॅरेजात एक जीप त्याच्या मित्राच्या पायावर येते आणि तो न कळत ती धरतो. कॅमेरा त्याच्या हातांवर गेला नाही, गुडघ्यांवर गेला. ते थरथरत होते. अगदी तसेच. मी मनातल्या मनात म्हटलं, आहे, हा तोच आहे. चौथ्या भागापासून मनात अडकलेलं काहीतरी सुटल्यासारखं झालं. या लोकांना कळलं होतं.

आणि मग त्याची आई आली. जुन्या पिक्चरमधली आई डबा घेऊन वाट पाहायची, एवढंच काम. ही आई शाळेची बस चालवत होती. जाडजूड, केस वर बांधलेले, पोरांवर खेकसणारी. गाणं लावून, स्टेअरिंगवर बोटं वाजवत चालली होती. माय खुदकन हसली. मी मात्र पर्समधली गोळी चाचपली. बस पाहिल्याबरोबर मी ओळखलं, की पुलावरची बस हीच. आधी निदान बस एका टोकाला आणि आई दुसऱ्या टोकाला होती. आता आई बसमध्येच. म्हणजे पोरं वाचवून ती आत राहणार. आधी लळा लावायचा आणि मग बुडवायचं, या पिक्चरवाल्यांची ती जुनी रीत. मला दादाचा भयंकर राग आला.

पाऊस सुरू झाला. नदी फुगली. बस पुलावर चढली. मायनं पदर हातात घेतला, पण डोळ्यांवर नेला नाही, गुडघ्यावर घट्ट धरून बसली. मी तिच्या मनगटावर बोटं दाबली. नाडी जोरात चालली होती, पण तिची की माझ्या बोटांची ते कळत नव्हतं.

"माय, बाहेर जाऊ या का?" मी कानात म्हटलं.

तिची नजर पडद्यावरून हलली नाही.

पुलाचा मधला भाग खचला. पूलवाला धावत खाली गेला, पाण्यात उतरला आणि त्यानं खांद्यावर तो भाग घेतला. बस अर्धी तुटलेल्या बाजूला लोंबकळत होती. त्याला वर काही दिसत नव्हतं. त्यानं ओरडून आईला सांगितलं की पोरांना उतरव आणि पळ. आणि आईनं खिडकीतून डोकं काढून त्याला उत्तर दिलं, "मी काही उतरत नाही! तू फक्त हलू नको!" तिनं गिअर टाकला, आरशात पाहिलं आणि बस मागं घ्यायला लागली. हळूहळू. चाकं घसरत होती, पोरं किंचाळत होती, ती शिव्या देत होती. एकीकडं त्याचे गुडघे, एकीकडं तिचा आरसा. दोघं एकमेकांना दिसत नव्हते, पण दोघं मिळून ते काम करत होते.

माझी बोटं मायच्या मनगटात रुतली असतील. तिनं झटका देऊन हात सोडवला.

"हात सोड न व," ती म्हणाली, "पाहू दे मले."

बसचं मागचं चाक पक्क्या रस्त्यावर आलं. मग सगळी बस आली. आई खाली उतरली, पोरं मोजली आणि मग नदीकडं तोंड करून पोराला हाक मारली. त्यानं तेव्हा पूल सोडला.

"वाचली!" माय मोठ्यानं म्हणाली. मराठीत, भर तेलगू टॉकीजमध्ये. "वाचली व बाई ते!"

मागच्या रांगेतून कुणीतरी मराठीतच म्हणालं, "हो न मावशी, वाचली." आणि सगळी बाल्कनी हसली. खाली टाळ्या वाजत होत्या. मी रडत होते. आवाज न करता रडायचा प्रयत्न करत होते, पण जमत नव्हतं. कितीतरी महिन्यांपासून मनात दाबून धरलेलं सगळं तिथं बाहेर आलं. मायनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि आपला पदर माझ्या हातात दिला. स्वतः पुढं पाहत राहिली.

मी अजून पूर्ण सुटले नव्हते. चाहत्यांना पिक्चरांच्या खोड्या माहीत असतात. सुरुवातीला वाचवतात ते शेवटी मारायला. इंटरवलला दिवे लागले तेव्हा मी तेच म्हणाले.

"आता नाई मारत तिले," माय म्हणाली. ती पॉपकॉर्न घेणाऱ्या लोकांकडं पाहत होती.

"तुला कसं माहीत?"

"तिनं सोताच सोताले वाचवलं न. पोट्ट्यानं एकट्यानं नाई वाचवलं. अशा बाईले माराले कारण लागते."

तिचं खरं निघालं. पुढं तो खलनायक आला, शहरातल्या इमारती डोलायला लागल्या, एक लांबच लांब मारामारी झाली. ती मला कंटाळवाणी वाटली आणि दादालाही तशीच वाटली होती, हे नंतर कळलं. आई मधे मधे येत राहिली. एकदा तिनं त्याला ओल्या कपड्यांवरून झापलं. एकदा त्याच्या पाठीला तेल चोळता चोळता विचारलं, की हे सगळं तुलाच का उचलावं लागतं? तो म्हणाला, मला येतं म्हणून. ती म्हणाली, येतं ते सगळं करायचं नसतं, थकलास की सांग. इतक्या वर्षांत पूलवाल्याला असं कुणी म्हटलं नव्हतं. जुन्या पिक्चरमध्ये तो नेहमी एकटाच रात्री पुलावर उभा राहून खाली पाण्याकडं बघायचा, आणि आम्हाला ते फार भारी वाटायचं. या पोराला घरी गेल्यावर जेवायला मिळत होतं. त्यानं त्याची ताकद काही कमी झाली नाही. नवा पूलवाला मला त्या क्षणी आवडला. जुन्याशी बेइमानी केल्यासारखंही वाटलं नाही.

शेवटची नावं पडद्यावर सरकेपर्यंत आम्ही बसलो. माय म्हणाली, "त्या बाईचं नाव काय आसन?" इंग्रजी अक्षरं भराभर वर जात होती, मला सापडलं नाही.

जिना उतरताना तिनं एका हातानं कठडा धरला होता आणि दुसऱ्या हातानं लुगडं जरा वर उचललं होतं. छातीवर ठेवायला तिसरा हात नव्हता. मी मागून उतरत होते आणि काहीच बोलले नाही. बोलले असते तर तिला आठवलं असतं.

बाहेर ऊन होतं. टॉकीजच्या कोपऱ्यावर मिरचीच्या भज्यांची गाडी होती आणि माय सरळ तिकडं गेली.

"माय, डॉक्टरांनी तेलकट..."

"कमी कर म्हणले. बंद कर नाई म्हणले."

तिनं एक भजं खाल्लं, मिरची काढून मला दिली. मी तिथंच उभी राहून दादाला फोन लावला. त्यानं पहिल्याच रिंगला उचलला. तो सकाळपासून फोन हातात घेऊनच बसला असावा.

"काय झालं?" तो घाईघाईनं म्हणाला. "कशी हाय माय?"

"भजी खात आहे."

त्यानं मोठा श्वास सोडलेला मला ऐकू आला. "मले लय भेव वाटून राह्यलं होतं बाई," तो म्हणाला. "सांगाव का नाई, सांगाव का नाई. पन तिनं ते आपल्या डोळ्यानं पाहाव असं वाटे मले. आधी सांगतलं असतं तं तिले खरं नसतं वाटलं."

"तू रडला होतास ना त्या दिवशी?"

"सर्दी होती," दादा म्हणाला. मग म्हणाला, "रडलो. पुऱ्या टॉकीजमधी म्या एकटाच होतो रडणारा."

मायनं माझ्या हातून फोन घेतला आणि त्याला सगळा पिक्चर पहिल्यापासून सांगितला, जणू त्यानं पाहिलाच नव्हता. तोही ऐकत राहिला. बोलता बोलता ती रस्त्याच्या कडेनं चालायला लागली. मी मागं. अशी ती जुन्या बाजाराच्या वळणापर्यंत गेली आणि तिथं तिची भाजीवाली मैत्रीण बसली होती, वांग्यांवर पाणी मारत. माय तिच्या पोत्यावर जाऊन बसली. मैत्रिणीनं आधी तिला फोन न उचलल्याबद्दल पुष्कळ बोलून घेतलं आणि मग विचारलं की नागपूरला काय काय केलं.

"स्प्रिंग टाकली," माय म्हणाली. "पक्की बसली हाय. आता तिले काई होत नाई."

ती असं पहिल्यांदाच म्हणत होती. मी तिच्या तोंडाकडं पाहिलं. ती वांगी निवडत होती.

परतीची बस लागायला वेळ होता आणि उन्हं उतरत होती. मैत्रीण म्हणाली, "आज राह्य न माया घरी. उद्या जाजो." मायनं माझ्याकडं पाहिलं. पर्समधली गोळी मी तिच्या बटव्यात ठेवली, कधी घ्यायची ते मैत्रिणीला दोनदा सांगितलं आणि म्हटलं, "राहा."

इचोड्याच्या बसमध्ये मला खिडकीची जागा मिळाली. शेजारच्या बाईनं विचारलं, एकटीच का? मी म्हटलं, माय आदिलाबादला राहिली, तिच्या मैत्रिणीकडं. एवढं बोलले आणि मला झोप लागली. कंडक्टरनं इचोड्याला हाक मारून उठवलं तेव्हा मी खिडकीच्या दांडीला डोकं टेकून गाढ झोपले होते.